नावाचा रकाना

गल्ल्यावरच्या म्हाताऱ्यानं माझा पासपोर्ट आधी उलटा धरला, मग सुलटा केला, चष्मा कपाळावर चढवला आणि जाडजूड रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं. पहिला रकाना 'अद'. दुसरा 'सोयाद'. तुर्की भाषेत अद म्हंजे नाव. सोय म्हंजे वंश, कूळ. सोयाद म्हंजे कुळाचं नाव. आपलं आडनाव.

पेन हातात घेतलं आणि हात थांबला. सवयीनं थांबला. लॉजच्या रजिस्टरापुढं आमचा हात थांबतो ही काय आजची गोष्ट नाही.

म्हाताऱ्याला वाटलं मला समजलं नाही. त्यानं जिन्याकडं एकदा बघितलं, दाराकडं एकदा बघितलं, आणि आवाज खाली आणून विचारलं, "नावे ते चि ये?"

मी चमकलोच. नाव! चार हजार किलोमीटरवर, बर्फाच्या डोंगराखाली, ज्याची भाषा मी जन्मात ऐकली नाही असा माणूस मला माझ्याच शब्दात नाव विचारत होता. कुर्दी भाषेत नावाला 'नाव'च म्हणतात. चारला 'चार' म्हणतात, भाकरीला 'नान' म्हणतात. भाषाशास्त्रवाले सांगतील की या एकाच गोतातल्या भाषा, त्यात नवल काय. नवल शब्दाचं नव्हतं. दाराकडं बघून, आवाज खाली आणून विचारण्याचं होतं. आपली भाषा अशी चोरून बोलायची असते हे त्या म्हाताऱ्याच्या मानेला ठाऊक होतं. माझ्याही मानेला अशा पुष्कळ गोष्टी ठाऊक आहेत.

मित्रहो, या लेखात प्रवासवर्णन नाही. डोंगर किती सुंदर होता ते लिहिणारे दुसरे पुष्कळ आहेत. मला एकाच प्रश्नाचा छडा लावायचा आहे. माणसानं माणसाला नाव विचारणं ही चांगली गोष्ट की वाईट? आणि ज्याला विचारलं त्यानं खोटं सांगितलं, तर पाप कुणाचं?

आधी जागा सांगतो, म्हंजे पुढचं कळेल.

गावाचं सरकारी नाव दोउबायाझित. लोक बाझीद म्हणतात. तुर्कस्तानच्या पार पूर्वेच्या टोकाला, इराणची सरहद्द इथून 35 किलोमीटर. समोर अरारात, 5,137 मीटर उंच. नोहाची होडी प्रलयानंतर इथंच टेकली असं सांगतात ते हेच. मी मशीन बसवणारा फिटर माणूस. 2019 साली कंपनीच्या कामानं इस्तंबूलला गेलो होतो. काम संपलं, आठ दिवस हातात होते. नकाशात जिथं रस्ता संपतो तिथं जायची मला लहानपणापासून खोड. व्हान शहरापर्यंत आलो आणि तिथून लहान बस पकडली.

वाटेत काळ्या लाव्ह्याचा मुलूख लागतो, आणि चौकी लागते. शिपाई आत चढला, सगळ्यांची ओळखपत्रं गोळा केली, खाली उतरून खिडकीतल्या माणसाला दिली. बसमधले सगळे गप्प. तान्हं पोरसुद्धा गप्प. माझा पासपोर्ट पहिल्यांदा परत आला, वर हसून 'हिंदिस्तान' म्हणाला. बाकीच्यांची ओळखपत्रं पाऊण तासानं आली. आपल्याच मुलखात, आपल्याच रस्त्यावर त्यांना आपण कोण ते सिद्ध करावं लागत होतं. मी परका, मला काही सिद्ध करावं लागलं नाही. हे मी तेव्हाच मनात टिपून ठेवलं.

लॉज तीन मजली. खोलीत लोखंडी पलंग, दोन घोंगड्या, एक खुर्ची, भिंतीला खिळा. संडास-मोरी गॅलरीच्या टोकाला, सगळ्यांना मिळून एकच. नळाला गरम पाणी सकाळी तासभर. भाडं आपल्या तालुक्याच्या लॉजएवढं. उतरणारे कोण? इराणहून माल आणणारे, मेंढ्यांचे व्यापारी, ट्रकचे क्लीनर, दवाखान्यात माणूस ठेवलेले खेड्यातले नातेवाईक. खाली चहाची भट्टी. चहा लहान काचेच्या पेल्यात, दुधाशिवाय, साखरेचा खडा दातात धरून प्यायचा. त्या चहाला 'काचाक' म्हणतात, म्हंजे चोरटा. सरहद्दीवरून जकात चुकवून आलेला. सगळा मुलूख तोच पितो.

म्हाताऱ्याला मी खालो म्हणायला लागलो. तिकडं वडीलधाऱ्याला तसंच म्हणतात, खालो म्हंजे मामा. त्याचं खरं नाव मी इथं लिहीत नाही. ते पोलिसांच्या कागदात आहे तेवढं पुरे.

पोलिसांचा कागद म्हणालो त्याचाही खुलासा करतो. तुर्कस्तानात 1973 सालचा एक कायदा आहे. लॉजवाल्यानं उतरणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहून पोलिसांना कळवायचं. आपल्याकडंही परदेशी पाहुणा आला की लॉजवाल्याला फॉर्म भरावा लागतोच. तेव्हा एकट्या तुर्कांना बोट दाखवण्यात अर्थ नाही. सरकार कुठलंही असो, त्याला माणूस झोपायच्या आधी त्याचं नाव पाहिजे असतं.

पण कुर्दाला नाव विचारणं ही साधी गोष्ट नाही. कशी ते बघा.

1928 साली तुर्कस्तानात लिपी बदलली, रोमन अक्षरं आली. त्या वर्णमालेत 29 अक्षरं घेतली. क्यू, डब्ल्यू आणि एक्स ही तीन घेतली नाहीत, कारण तुर्कीला त्यांची गरज नव्हती. कुर्दीला होती. झालं, कुर्द माणसाचं नाव कागदावर मोडायला लागलं. खालो हा शब्दसुद्धा कुर्दीत एक्सनं सुरू होतो. म्हंजे मामाला हाक मारायची तर तिचं पहिलंच अक्षर सरकारी वर्णमालेबाहेरचं!

1934 साली आडनावाचा कायदा आला. प्रत्येकानं आडनाव घ्यायचं, पण टोळीचं किंवा परक्या वंशाचं घ्यायचं नाही. पिढ्यान्‌पिढ्या माणूस ज्या टोळीच्या नावानं ओळखला गेला ते नाव कायद्यानं पुसलं. कुर्दांचा एक मोठा, जुना पुढारी आहे, अहमत तुर्क. आडनावच तुर्क! उभं आयुष्य कुर्दांचा हक्क मागण्यात गेलं, आणि सही करताना दर वेळी तुर्क लिहायचं. 2009 साली हा माणूस पार्लमेंटात कुर्दीत बोलायला लागला तेव्हा सरकारी दूरदर्शननं त्याचं प्रक्षेपण बंद केलं.

गावांचंही तेच. देर्सिमचं 1935 साली तुन्जेली केलं आणि 1937-38 साली तिथल्या माणसांची कत्तल केली. आधी नाव मारलं, मग माणूस. क्रम ध्यानात ठेवा. हजारो खेड्यांची नावं बदलली. 1983 साली कायदाच केला, कुर्दीत छापायचं नाही. तो 1991 पर्यंत टिकला. 1972 च्या कायद्यात कलम होतं की राष्ट्रीय संस्कृतीला न शोभणारं नाव पोराला ठेवायचं नाही. ते शब्द 2003 साली काढले, तर वरून फर्मान आलं की ठीक आहे, नाव ठेवा, पण अक्षरं आमच्या वर्णमालेतलीच पाहिजेत. लोक युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेले. त्या न्यायालयानं 2010 साली सांगितलं, यात हक्काचा भंग झालेला नाही! ती अक्षरं वापरली म्हणून शिक्षा करण्याचं कलम पुढं 2014 साली गेलं. आणि गंमत म्हंजे त्याच देशात 'शो' नावाची टीव्ही वाहिनी इंग्रजी डब्ल्यू मिरवत वर्षानुवर्षं घरोघर दिसत होती. तिच्यावर कुणी खटला भरला नाही. पैसेवाल्याच्या नावात डब्ल्यू चालतो. कुर्द पोराच्या नावात चालत नाही. आपल्याला यात नवं काय?

गावाबाहेर पाच-सहा किलोमीटरवर इशाक पाशाचा राजवाडा आहे, 1784 सालचा. तो बघायला लोक येतात. त्याच्या वरच्या अंगाला एका कवीचं थडगं आहे. हा सतराव्या शतकाच्या अखेरीला होऊन गेला. तेव्हा शहाणे लोक फारसीत लिहायचे. यानं हट्टानं कुर्दीत 'मेम ऊ झीन' हे प्रेमकाव्य लिहिलं, आणि लहान पोरांसाठी अरबी-कुर्दी शब्दकोश पद्यात रचला. त्याचं नाव अहमद खानी. आता 'ख'साठी कुर्दीत एक्स लागतो. तुर्कीत तो नाही, म्हणून सरकारी कागदात तो होतो 'हानी'. मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. खानीची हानी झाली.

पहिल्या रात्री खालो वर आला, हातात दोन पेले. मोबाईलवर भाषांतराची सोय असते, तिच्यावर आमचं बोलणं चालायचं. थोडं त्याचं गिर्यारोहकांकडून शिकलेलं इंग्रजी, थोडं राज कपूर आणि आमिर खान. मोबाईलमध्ये कुर्दी भाषाही होती. मी मोठ्या उत्साहानं ती लावली. खालोनं बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मान हलवली. त्याला वाचता येईना. बोलतो कुर्दी, स्वप्न पडतं कुर्दीत, पण शाळेत गेला तेवढा तुर्कीतच. त्या देशाच्या घटनेत आजही लिहिलेलं आहे की शाळेत मातृभाषा म्हणून तुर्कीशिवाय दुसरी भाषा शिकवायची नाही. 2012 पासून कुर्दी ऐच्छिक विषय म्हणून आठवड्याला दोन तास घेता येते. पासष्टीच्या खालोला त्याचा काय उपयोग? मी पुन्हा तुर्की लावली. त्यानं तुर्की वाचली आणि मला कुर्दी दुःख सांगितलं.

तो मूळचा या गावचा नव्हे. दक्षिणेकडच्या डोंगरातल्या एका खेड्यातला. 1984 पासून सरकार आणि कुर्द बंडखोर यांची लढाई पेटली, चाळीस हजारांवर माणसं मेली. 1990 नंतरच्या दहा वर्षांत लष्करानं तीन हजारांच्या आसपास खेडी आणि वाड्या रिकाम्या केल्या. त्यातलं एक खालोचं. त्याच्या भावाला तुरुंग झाला. गुन्हा काय? रात्री बंदूकवाली पोरं दारात आली. भाकरी मागितली, झोपायला जागा मागितली. दिली. बंदुकीपुढं नाही म्हणता येतं का? आणि बंदूक नसती, नुसता थंडीत कुडकुडणारा पोर असता, तर नाही म्हणावं का? त्या गुन्ह्याला तिकडच्या कायद्यात 'यार्दिम वे यातक्लिक' म्हणतात. यार्दिम म्हंजे मदत. यातक म्हंजे बिछाना. यातक्लिक म्हंजे बिछाना देणं. 2005 पर्यंतच्या जुन्या दंडविधानात 169 वं कलम होतं हे.

खालो पलंगावर हात आपटून म्हणाला, "यातक!" आणि हसला. भावाला बिछाना दिला म्हणून शिक्षा झाली, आणि हा बिछाने भाड्यानं देऊन पोट भरतो.

मग त्यानं विचारलं, "तुझं बोल. हिंदुस्थानात तुझे लोक कोण?"

इथं माझी खरी गोष्ट सुरू होते.

मी सांगितलं, "आम्ही हिंदुस्थानी. आम्ही सगळे एकच."

का सांगितलं? भीती नव्हती. त्या गावात माझ्या आडनावाला काहीच वास नव्हता. ते नुसता आवाज होतं, पत्र्यावर खडा पडल्यासारखा. जन्मात पहिल्यांदा मी रजिस्टरात आडनाव लिहिलं आणि समोरच्याचा चेहरा बदलला नाही. आपल्याकडं मी पुष्कळदा नुसतं गावाचं नाव 'कर' लावून लिहिलेलं आहे. एका तालुक्याच्या ठिकाणी खरं लिहिलं, तर गल्ल्यावरच्या माणसाला अचानक आठवलं की खोल्या सगळ्या भरल्यात. किल्ल्या मागं खिळ्याला लोंबत होत्या. हे मी खालोला सांगू शकलो असतो. पण इतकं बरं वाटत होतं, मित्रहो! कुणी नसण्याचं सुख होतं ते. मला ते मोडायचं नव्हतं.

खालोनं मोबाईलवरचं वाक्य वाचलं, पुन्हा वाचलं. मग हसून म्हणाला, "आमच्याकडं पण असंच सांगतात. तुर्कस्तानात सगळे तुर्क."

कानाखाली वाजवल्यासारखं झालं. त्यांच्या घटनेच्या 66 व्या कलमात तसंच आहे, देशाचा जो नागरिक तो तुर्क. ऐकायला किती समतेचं वाक्य! आणि त्याच वाक्याखाली खालोची भाषा, त्याचं खेडं, त्याच्या टोळीचं नाव, सगळं गाडलेलं. मी माझ्या सुखासाठी त्याच्या मालकांचं वाक्य बोललो होतो. 'आम्ही सगळे एक' हे वाक्य कुणाच्या तोंडात आहे यावर सगळं असतं. वरचा बोलला की त्याचा अर्थ, तू गप्प बस. खालचा बोलला की त्याचा अर्थ, मला मारू नका.

ती रात्र झोप नाही. घोंगड्या उबदार होत्या, दोष त्यांचा नाही.

मला बाबासाहेब आठवत होते. 1917 साली बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले. अमेरिकेत, विलायतेत शिकून आलेला माणूस, आणि उतरायला जागा नाही. शेवटी पारशांच्या लॉजात पारशी नाव लिहून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं आली आणि त्यांना बाहेर काढलं. ही हकीगत त्यांनी ज्या लिखाणात सांगितली त्याला त्यांनी नाव दिलं, 'व्हिसाची वाट पाहताना', इंग्रजीत. परक्या मुलखात जायला व्हिसा लागतो. आम्हाला आपल्याच मुलखात लागतो. खालोलाही लागतो. मला कुर्दांच्या मुलखात फिरायला मोकळीक होती, खालोला नव्हती. बडोद्यात एखाद्या साहेबाला मोकळीक होती, बाबासाहेबांना नव्हती. परका माणूस सुखी असतो तो समान असतो म्हणून नव्हे. त्याचा कुठला रकाना ते अजून कुणाला ठाऊक नसतं म्हणून. याला मुक्ती म्हणायचं नाही. ही सुट्टी आहे, आणि सुट्टी संपते.

आता तो पापाचा प्रश्न. कांट नावाचा मोठा जर्मन तत्त्वज्ञ होता. त्यानं 1797 साली लिहिलं की खोटं कधीही बोलू नये. खुनी दारात येऊन तुमच्या मित्राचा पत्ता विचारत असला तरी खोटं बोलायचा तुम्हाला हक्क नाही. ह्याच माणसानं दोन वर्षं आधी, 1795 साली, फार चांगली गोष्ट लिहिली होती. पृथ्वी गोल आहे, माणसं तिच्यावर कितीही पांगली तरी शेवटी शेजारीच, म्हणून परक्या मुलखात पाय ठेवणाऱ्याला शत्रूसारखं वागवू नये, हा त्याचा हक्क आहे, उपकार नव्हे. पटतं. पण त्या थोर माणसाच्या डोळ्यापुढं दोनच माणसं होती, एक घरवाला आणि एक पाहुणा. खालो यात कुठं बसवायचा? तो घरवाला, पण घर त्याचं नाही असं सरकार म्हणतं. बाबासाहेब कुठं बसवायचे? ते पाहुणे नव्हेत, परके नव्हेत, आणि तरी दार बंद. ज्याला आपल्याच घरात पाहुणा केलाय त्याचा हक्क कुठल्या कलमात?

आणि खोट्याचं म्हणाल तर, कांटसाहेबांनी दारातल्या खुन्याला सोडून आतल्या माणसालाच पकडलं. बडोद्याच्या रजिस्टरात खोटं नाव पडलं, ते कुणी लिहिलं? हात बाबासाहेबांचा होता, पण खरं लिहिलं तर रात्र उघड्यावर काढावी लागेल ही ज्यांची व्यवस्था, ते नाव त्यांनी लिहिलं. ज्यानं काठी हातात घेऊन प्रश्न विचारला, उत्तरातलं खोटं त्याच्या खात्यावर मांडलं पाहिजे.

मग माझं खोटं? पहिल्या रात्रीचं? खालोच्या हातात काठी नव्हती. चहाचा पेला होता. तिथं मी बोललो ते माझ्याच खात्यावर. छळलेला माणूस खोटं बोलला की सगळं माफ, असं मी म्हणणार नाही. कुणापुढं बोललो ते बघावं लागतं.

दुसऱ्या दिवशी रात्री मी खालोला सगळं सांगितलं. गावकूस, पाणी, लॉजच्या किल्ल्या. तो वाचत होता, थांबत होता, पुन्हा वाचत होता. मग त्यानं टाइप केलं, "तुमची पण अक्षरं बंद केली होती?"

मी लिहिलं, "अक्षरं चालू होती. आम्हाला ती शिकायची बंदी होती."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं विचारलं, "आता?" मी म्हटलं, "आता लिहितो." त्यानं आपल्या नातीचं सांगितलं. तिच्या नावात डब्ल्यू आहे. कागदावर व्ही. घरात एक, शाळेत एक. पोरगी हुशार आहे, वहीच्या मागच्या पानावर डब्ल्यू काढून बघते. त्याच ऑगस्टात व्हान, मार्दिन आणि दियारबाकीर या शहरांचे निवडून आलेले कुर्द महापौर सरकारनं काढून टाकले होते. मार्दिनचा महापौर हाच अहमत तुर्क. खालो म्हणाला, आम्ही मतपत्रिकेवर लिहिलेलं नावही टिकत नाही.

एवढ्यावर लेख संपवला तर वाचकांना बरं वाटेल. दोन पिचलेली माणसं भेटली, चहा प्याली, डोळे पुसले. पण हा खोटा गोडवा झाला. कुर्द म्हंजे सगळे देव नव्हेत. या मुलखात आर्मेनियन लोक राहत होते. 1915 साली ते कापले गेले, हाकलले गेले, आणि सरकारच्या बाजूनं त्यात कुर्द टोळ्याही होत्या. कुर्दांतल्या काही पुढाऱ्यांनी त्याची जाहीर माफी मागितलेली आहे. मी खालोला विचारलं, आर्मेनियन कुठं गेले? तो डोंगराकडं बघून म्हणाला, "गेले." माझ्या 'आम्ही सगळे एक'सारखंच होतं ते. पिळलेला माणूस पिळणारा होऊ शकतो. आपणही आपल्या वस्तीत आपल्या खालची पायरी कशी शोधतो ते मला सांगायला लावू नका.

आणि मी स्वतः?

लॉजात एक बाई होती. चादरी धुवायची, जिना पुसायची, संडास साफ करायची. डोक्याला पांढरा रुमाल, हात थंड पाण्यानं लाल. दोन दिवस मी तिच्या धुतलेल्या चादरीवर झोपून नावाच्या राजकारणावर विचार करत होतो. तिचं नाव मी विचारलं नव्हतं. मनातसुद्धा आलं नव्हतं. खाली चहाच्या भट्टीवर सगळे बाप्ये, रजिस्टरात सगळे बाप्ये. ती कुठल्याच रकान्यात नव्हती. आमच्या आयांना उभ्या गावानं अशीच वागणूक दिली. जातीच्या नावानं हाक मारली, नाहीतर 'ए बाई'. जबरदस्तीनं नाव विचारणं हा एक अपमान. कधीच न विचारणं हा दुसरा. दुसरा जास्त थंड असतो.

निघायच्या सकाळी ती जिन्यावर भेटली. मी पिशवी खाली ठेवली आणि शिकलेलं सगळं कुर्दी गोळा करून म्हटलं, "नावे ते चि ये?"

तिनं आधी गल्ल्याकडं बघितलं. खालो तिथं नव्हता. मग माझ्याकडं बघितलं. हसली, नाही म्हणून मान हलवली, बादली उचलली आणि वर निघून गेली.

मला क्षणभर राग आला. खोटं का सांगू? मी इतक्या चांगल्या मनानं विचारतोय, आणि ही! मग बसमध्ये बसल्यावर कळलं. तिनं नाव सांगितलं नाही, आणि तिला काही झालं नाही. मला काही करता आलं नाही, करायचा हक्कही नव्हता. तिची बादली तिच्या हातात राहिली, माझी बस वेळेवर सुटली. चौकीवरच्या शिपायाला असं मान हलवून नाही म्हणता येईल? बडोद्यात म्हणता आलं असतं? तालुक्याच्या लॉजात मला म्हणता आलं होतं?

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिनं दिलं. नाव विचारणाऱ्याची परीक्षा उत्तर मिळाल्यावर होत नाही. उत्तर न मिळाल्यावर तो काय करतो, त्याला काय करता येतं, तिथं होते. सांगितलं नाही तर बिछाना नाही, पाणी नाही, रस्ता नाही, असं जिथं आहे तिथं नाव विचारणं हा हल्ला आहे. सरकारनं विचारो, धर्मानं विचारो, नाहीतर शेजाऱ्यानं. जिथं माणूस हसून नाही म्हणू शकतो, तिथंच विचारणं ही पाहुणचाराची सुरुवात होऊ शकते. नाव मिळवणं एवढंच आमचं मागणं नव्हतं कधी. ते लपवावं न लागणं, आणि वाटलं तर न सांगता येणं, हे दोन्ही मिळाल्याशिवाय नाव आपलं झालं असं म्हणता येत नाही.

2025 च्या मे महिन्यात कुर्द बंडखोरांच्या पक्षानं जाहीर केलं की आम्ही बंदूक खाली ठेवतो, संघटना मोडतो. जुलैत काही हत्यारं जाळलीही. वर्तमानपत्रात ते वाचलं तेव्हा मला खालोची नात आठवली. आता ती कॉलेजच्या वयाची असेल. तह कुठल्या कागदावर होतो, कोण सही करतो, ते मोठे लोक बघतील. मी एवढंच विचारीन की तिचा डब्ल्यू कुठं आहे? वहीच्या मागच्या पानावर, की पुढच्या?

वाचकहो, तुमच्या घरी, ऑफिसात, जिन्यावर कुणीतरी रोज झाडतं. तिचं नाव ठाऊक आहे का ते स्वतःला विचारा. नसलं तर जाऊन विचारा. तिनं सांगितलं नाही, तर रागावू नका. आणि तिनं उलट तुमचं विचारलं, तर खरं सांगा.